‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ : गृहमंत्र्यांना एका रिमांड वकिलाचे खुले पत्र

मा. मुख्यमंत्री तथा गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या न्यायालयात २२ वर्षे फौजदारी वकिली करतो. बाररूममध्ये मला ‘रिमांडवाले’ म्हणतात. त्यात कौतुक कमी, कीव जास्त. वाटणीच्या दाव्यात वकिलाच्या दोन पिढ्यांची सोय होते. रिमांडला, म्हणजे अटकेतल्या आरोपीला कोठडीसाठी न्यायालयापुढे आणतात तेव्हा, उभे राहून मिळतात ५०० रुपये, तेही आरोपीच्या आईने पदराच्या गाठीतून सोडलेले. सांगायचा मुद्दा असा की मी रोज जे पाहतो ते पाहायला आपल्या हुद्द्याच्या माणसाला कधी सवड होत नसावी, म्हणून हे पत्र.

दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी पोलिसांची जीप आवारात येते. आरोपीचा हात हवालदाराच्या हातात गुंफलेला असतो, लांबून पाहिले तर दोस्तच वाटावेत. आत नेतात. न्यायाधीश कागदावरची मान वर करून विचारतात, “पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?” तो म्हणतो, “नाही साहेब.” लिपिक लिहून घेतो. मग फौजदार पाच दिवसांचा पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, मागतो: मुद्देमाल हस्तगत करणे बाकी आहे, साथीदारांचा शोध घेणे आहे. न्यायाधीश दोन दिवस देतात. हा सगळा प्रकार चहा थंड व्हायच्या आत उरकतो, आणि आरोपी ज्या जीपमधून आला त्याच जीपमधून, त्याच हवालदाराचा हात धरून, त्याच कोठडीत परत जातो.

काही वर्षांपूर्वी विहिरीवरच्या मोटारी चोरल्याच्या संशयावरून आणलेला एक पोरगा माझ्याकडे होता. १९-२० वर्षांचा. तो पायाच्या कडांवर चालत होता, तळवे जमिनीला लागू देत नव्हता. मी कानात म्हणालो, “साहेब विचारतील तेव्हा सांग.” तो म्हणाला, “सांगतो. मग रात्री तुम्ही येणार का तिथं झोपायला?”

त्या दिवशी मीच बोललो. न्यायाधीशांनी वैद्यकीय तपासणीचा हुकूम दिला. ग्रामीण रुग्णालयात ओपीडीची रांग मोडून त्याला पुढे घातले, हवालदार त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा, डॉक्टरांनी सदरा वर करायला सांगितले नाही, पायातली चप्पल काढायला सांगितली नाही. दाखल्यावर आले: ताज्या बाह्य जखमा नाहीत. पंधरा दिवसांनी त्याची आई भेटली. भांडायला नव्हती आली, नुसते सांगायला आली होती, “तुम्ही बोललात म्हणून दोन रात्री जास्तीचा मार बसला, वकीलसाहेब.” त्यानंतर मी बोलण्याआधी आरोपीला विचारतो. बहुतेक जण नको म्हणतात.

हे सगळे इतके पाल्हाळ लावून सांगण्याचे कारण म्हणजे २० डिसेंबर २०२४ चे आपले निवेदन. नागपूरच्या अधिवेशनात आपण परभणीच्या सोमनाथ सूर्यवंशीविषयी बोललात. १० डिसेंबरला परभणीत डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची नासधूस झाली, दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले, पोलिसांनी धरपकड केली. धरलेल्यांत हा कायद्याचा विद्यार्थी होता. आधी पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी, आणि १५ डिसेंबरला मृत्यू. आपण सभागृहाला सांगितले की दंडाधिकाऱ्यांनी विचारले तेव्हा त्याने मारहाण झाली नसल्याचे सांगितले होते, आणि सीसीटीव्हीच्या चित्रणातही मारहाण दिसत नाही.

निवेदन मी बाररूममधल्या टीव्हीवर ऐकले. भोवती सात-आठ वकील होते, त्यात आपल्या पक्षाचे दोघे. कोणी काही बोलले नाही, पण त्या खोलीत एकही माणूस असा नव्हता ज्याला ‘तक्रार नाही’ या दोन शब्दांची किंमत ठाऊक नव्हती. आपण स्वतः कायद्याचे पदवीधर. म्हणून ते वाक्य आपल्या तोंडून आले याचे जास्त वाईट वाटले.

पुढे काय झाले ते आपल्याला माहीतच आहे. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अंगावरच्या अनेक जखमांनी बसलेला धक्का हे मृत्यूचे कारण आले. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने पोलिसांना जबाबदार धरले. तरी गुन्हा नोंदवून घ्यायला त्याच्या आईला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जावे लागले. खंडपीठाने ४ जुलै २०२५ रोजी गुन्हा नोंदवण्याचा हुकूम दिला, आणि त्याविरुद्ध आपले सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० जुलैला तिथेही हरले. मला एवढेच विचारायचे आहे: गुन्हा नोंदवणे म्हणजे शिक्षा नव्हे, ती तर तपासाची सुरुवात. त्या पहिल्या पायरीलाच सरकारने विरोध का करावा? शेतात मोटार चोरीला गेली तर संशयावर पोरगा उचलता येतो. कोठडीत माणूस मेला, दंडाधिकाऱ्यांचा अहवाल हातात आहे, तरी दिल्लीपर्यंत भांडायचे?

कायद्यातच एक मोठी फट आहे, तीही सांगतो. कोठडीतल्या मृत्यूची दंडाधिकाऱ्यांकडून चौकशी सक्तीची आहे, २००६ पासून. पण ती चौकशी संपली, अहवाल आला, तर पुढे कोणी काय करायचे, याबद्दल कायदा मौन. अहवाल कपाटात जातो. परभणीच्या आईकडे चिकाटी होती, पाठीशी चळवळ होती, बाळासाहेब आंबेडकरांसारखा वकील होता. माझ्याकडे येणाऱ्या पारध्याच्या आईकडे यातले काय आहे?

पारध्याचे नाव उगीच घेतले नाही. कुठल्याही तालुक्यात घरफोडी झाली की पहिली जीप कुठल्या वस्तीकडे वळते, हे ठाण्यातल्या रायटरपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना माहीत असते. इंग्रजांनी १८७१ मध्ये काही जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये तो शिक्का पुसला. कागदावरचा.

आता मार का बसतो, ते. माझ्या ओळखीचे एक निवृत्त फौजदार आहेत, संध्याकाळी माझ्याच ओट्यावर येऊन बसतात. माणूस वाईट नाही. ते म्हणतात, “वकीलसाहेब, डिटेक्शन किती, रिकव्हरी किती, हे दर महिन्याच्या क्राइम मीटिंगला विचारतात. फॉरेन्सिकचा अहवाल कधी येईल ते देवाला ठाऊक. माझ्याकडे माणसं अकरा, गावं साठ, त्यात बंदोबस्त. मी काय करायचं होतं?” त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, हे कबूल करतो. पण त्यांचा हिशोब कायद्याने कसा जमतो ते पाहण्यासारखे आहे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात चालत नाही, हे १८७२ च्या साक्ष कायद्यातच ठरलेले, कारण तो कसा घेतला जातो हे इंग्रजालाही कळत होते. मात्र आरोपीने सांगितले आणि त्यावरून वस्तू सापडली, तर तेवढा भाग चालतो. त्या कायद्याच्या २७ व्या कलमावरून आम्ही त्याला ‘सत्तावीसचा पंचनामा’ म्हणतो. नव्या साक्ष अधिनियमात कलमाचा आकडा बदलला, आमच्या तोंडातला नाही. सारा मार त्या सत्तावीससाठी असतो. माणूस मोडायचा, वस्तू काढायची, पंच उभे करायचे. वस्तू सापडत नसेल तर कधी कधी सराफाच्या दुकानातूनही ती ‘सापडते’, पण तो वेगळा विषय.

ज्याने मारतात त्याला ठाण्यात काय म्हणतात, माहीत आहे? पिठाच्या गिरणीचा जाड पट्टा, त्याला मूठ बसवलेली. त्याचे नाव ‘सत्यशोधक’. जोतीरावांनी ज्या शब्दाने १८७३ मध्ये समाज उभा केला, तो शब्द महाराष्ट्राच्या कोठडीत तळव्यांवर बसणाऱ्या पट्ट्याला दिला आहे. नाव ठेवणाऱ्याला विनोदबुद्धी होती, एवढे म्हणायला हवे.

आणि आम्ही बाकीचे? सकाळी पेपर उघडला की जिल्हा पानावर वाक्य असते: ‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली.’ मी हे वाक्य लहानपणापासून वाचतो आहे. खाक्या म्हणजे काय, तो दाखवणे हा गुन्हा आहे का, असे कुठल्या उपसंपादकाला कधी विचारावेसे वाटले नाही. जुनी भारतीय दंड संहिता असो की आताची न्याय संहिता, कबुली काढण्यासाठी दुखापत करणाऱ्याला ७ वर्षांपर्यंत आणि जबर दुखापत करणाऱ्याला १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणजे त्या बातमीत दोन गुन्ह्यांची कबुली असते, एक आरोपीची आणि एक पोलिसांची. गुन्हा मात्र एकच दाखल होतो.

लॉकडाऊनमध्ये भाजी आणायला निघालेल्यांच्या पाठीवर काठ्या बसतानाचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी हसत पुढे पाठवले. मीही एक पाठवला होता. गेल्या ऑक्टोबरात, म्हणजे २०२५ च्या, नाशिकमधले रील सगळ्यांच्या फोनवर फिरत होते: लंगडत चालणारे आरोपी कॅमेऱ्यासमोर हात जोडून म्हणताहेत, ‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला.’ लोक खूश होते, कारण त्यातले काही खरोखरच गल्लीत कोयते नाचवणारे होते. लोकांचा वैताग मला समजतो. माझ्या भाचीला क्लासला सोडायला मीही जातो. पण तो माणूस लंगडतोय का, हे विचारणारा कोणी नव्हता. आणि बालेकिल्ल्याच्या आतल्या बाजूला काय चालते हे कायद्यालाच बघू द्यायचे नसेल, तर तो कायद्याचा बालेकिल्ला कसा?

पोलीसद्वेष्टा म्हणून माझे हे पत्र बाजूला टाकू नये म्हणून सांगतो. माझा थोरला मामा कॉन्स्टेबल म्हणून निवृत्त झाला. त्याच्या बदल्यांच्या गावी मी सुट्ट्या काढल्या आहेत, गळक्या पोलीस लाइनीत. गणपतीत तो दहा-दहा दिवस घरी येत नसे. मुंबईत दत्ता पडसलगीकर आयुक्त असताना २०१६ मध्ये देवनार ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग झाला, तेव्हा मामाने त्या बातमीचे कात्रण कापून ठेवले होते. स्वतःला उपयोग नसताना. आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांच्या हातात नुसती लाठीच होती. एके-४७ च्या नळीला त्यांनी हात घातला, गोळ्या अंगावर घेतल्या, म्हणून कसाब जिवंत सापडला आणि त्याच्यावर रीतसर खटला चालला. जिवंत पकडून न्यायालयापुढे नेणे हेही पोलिसांचेच काम असते, हे ओंबळ्यांच्या खात्याला मी वकिलाने सांगायची गरज पडू नये.

परभणीचेच आणखी एक नाव आपल्या फायलीत आहे. ख्वाजा युनूस. २७ वर्षांचा सॉफ्टवेअर इंजिनिअर. डिसेंबर २००२ च्या घाटकोपर बॉम्बस्फोटात त्याला अटक झाली. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितले की त्याला तपासासाठी औरंगाबादकडे नेताना जीप दरीत कोसळली आणि तो पळाला. पळालेला माणूस आजवर आईला दिसला नाही. एका सहआरोपीने न्यायालयात सांगितले की त्याने युनूसला कोठडीत रक्ताची उलटी करताना पाहिले होते. सीआयडीने तपास केला, १४ पोलिसांवर खटला भरण्याची शिफारस केली. खटल्याला सरकारची मंजुरी लागते. सरकारने चौघांपुरती दिली. त्या चौघांवरचा खटला २० वर्षांहून जास्त काळ रेंगाळला. दरम्यान त्यातले सचिन वाझे २०२० मध्ये पुन्हा सेवेत घेतले गेले, आणि पुढच्याच वर्षी अंबानींच्या घराजवळच्या स्फोटकांच्या प्रकरणात एनआयएने त्यांना अटक केली. तेव्हा आपण विरोधी पक्षनेते होतात आणि वाझ्यांना सेवेत घेतलेच कसे, हा प्रश्न सभागृहात आपणच सर्वांत जोरात विचारला होता. प्रश्न बरोबर होता. तोच प्रश्न उरलेल्या दहा मंजुऱ्यांबद्दलही विचारता आला असता.

हे ‘पळून गेला’ प्रकरण आमच्याकडे फार जुने आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगलीत लुटमारीच्या संशयावरून धरलेला २६ वर्षांचा तरुण असाच ‘पळून गेला’. सीआयडीच्या तपासात निघाले की तो ठाण्यातच मेला होता आणि प्रेत आंबोलीच्या घाटात नेऊन जाळले होते. पळाला नाही तर ‘छातीत दुखू लागले’, छातीत दुखले नाही तर ‘गळफास घेतला’. ठाण्याच्या डायरीत या तिन्हींपलीकडे चौथे कारण फारसे सापडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच, मध्य प्रदेशातल्या एका खटल्यात, म्हणून ठेवले आहे की कोठडीतल्या छळाला प्रत्यक्ष साक्षीदार मिळणे अवघड, कारण साक्षीदार असतात ते पोलीसच आणि ते बंधुभावापोटी गप्प बसतात.

मंजुरीबद्दल एक बरी गोष्ट घडली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत सरकारला १२० दिवसांत निर्णय द्यावाच लागतो, नाही तर मंजुरी दिली असे धरले जाते. पण त्याच संहितेने दुसऱ्या हाताने काढून घेतले आहे. पूर्वी पोलीस कोठडीचे १५ दिवस अटकेनंतरच्या पहिल्या पंधरवड्यातच घ्यावे लागत. आता ते गुन्ह्याप्रमाणे पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्या-तुकड्यांनी घेता येतात. म्हणजे माझा आरोपी तुरुंगात गेला, थोडा सावरला, काही सांगावे असे त्याला वाटू लागले, तरी पुन्हा ठाण्यात नेले जाण्याची टांगती तलवार दोन महिने डोक्यावर. ‘नाही साहेब’ हे उत्तर आता आणखी पक्के झाले.

आपण म्हणाल, तक्रारीसाठी प्राधिकरण आहे की. आहे. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितले की राज्यात आणि प्रत्येक जिल्ह्यात पोलीस तक्रार प्राधिकरण हवे, आणि त्याच्या शिफारशी बंधनकारक हव्यात. आपल्या राज्याने २०१४ मध्ये पोलीस कायदा दुरुस्त केला आणि जिल्ह्याऐवजी विभाग पातळीवर भागवले. आमच्या बाजारात मी एकदा गंमत म्हणून दहा दुकानदारांना विचारले, पोलिसांनी मारले तर तक्रार कुठे कराल? सहा म्हणाले आमदाराकडे, तीन म्हणाले कुठेच नाही, एकाने विचारले, “काय झालं वकीलसाहेब, कोणाला मारलं?” प्राधिकरणाचे नाव एकालाही ठाऊक नव्हते. ठाण्याच्या दर्शनी भिंतीवर ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ मोठ्या अक्षरांत आहे. त्याखाली प्राधिकरणाचा पत्ता लिहायला रंगाचा एक डबा पुरेल.

सीसीटीव्हीचेही तेच. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हुकूम दिला: प्रत्येक ठाण्यात, कोठडीत, व्हरांड्यात, अधिकाऱ्यांच्या खोलीत कॅमेरे, आवाजासह, आणि चित्रण १८ महिने, निदान वर्षभर तरी, जपायचे. मी एका ठाण्याकडे माहिती अधिकारात एका रात्रीचे चित्रण मागितले. उत्तर आले, त्या कालावधीत यंत्रणेत तांत्रिक बिघाड होता. दरवाजावरचा कॅमेरा चालू होता, आतल्या खोलीचा बंद. वीज दोन्हींना एकाच खांबावरून येते.

जमावावरच्या बळाचे मी या पत्रात फार लिहीत नाही, तो माझा रोजचा अनुभव नाही. पण ‘सौम्य लाठीमार’ हा शब्द एकदा सरकारी टिपणीतून काढून टाका. डोके फुटलेल्याला सौम्य म्हणजे काय ते विचारून बघावे. १ सप्टेंबर २०२३ ला आंतरवाली सराटीत बायाबापड्यांवर लाठ्या चालल्या, आपण गृहमंत्री म्हणून तीन दिवसांनी क्षमा मागितलीत. मोकळेपणाने मागितलीत, हे मी तेव्हाही म्हणालो होतो. मात्र क्षमा मागणे आणि हुकूम कोणी दिला ते लेखी सांगणे, यांत पुष्कळ अंतर आहे. घाटकोपरच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ ला गोळीबारात दहा जण मेले. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाने शिक्षा सुनावली ती २००९ मध्ये.

आता सर्वांत अडचणीचे नाव घेतो, कारण ते टाळले तर बाकीचे सगळे सोयीचे होईल. बदलापूरच्या शाळेतल्या चिमुरड्या मुलींवरच्या अत्याचाराचा आरोपी. २३ सप्टेंबर २०२४ ला तळोजा तुरुंगातून नेताना मुंब्र्याजवळ पोलिसांच्या गाडीत त्याला गोळी घातली गेली. फटाके फुटले. मुंबईत ‘बदला पुरा’चे फलक लागले, त्यावर आपले छायाचित्र होते. दंडाधिकाऱ्यांच्या अहवालाने गाडीतल्या पाच पोलिसांना जबाबदार धरले. त्याच्या आई-वडिलांनी मग उच्च न्यायालयाला सांगितले की आम्हाला हा खटला पुढे चालवायचा नाही. पाहा, इथेही तेच उत्तर: तक्रार नाही. न्यायालयाने मात्र ते तेवढ्यावर सोडले नाही, मदतीला न्यायमित्र नेमला आणि ७ एप्रिल २०२५ ला विशेष पथकाकडून तपासाचा हुकूम दिला. मला त्या माणसाबद्दल काडीची सहानुभूती नाही. त्या मुलींच्या घरच्यांना भर न्यायालयात पुरावे मांडले गेलेले, उलटतपासणीत तो उघडा पडलेला बघायला मिळायला हवे होते. ते त्यांच्याकडूनही हिरावले गेले, ही गोष्ट फटाक्यांच्या आवाजात कोणाच्या लक्षात आली नाही.

अशी पत्रे लिहून काय होते, असे आमच्या बाररूममध्ये विचारतात. म्हणून एक जुनी गोष्ट. मार्च १९७२ मध्ये, आताच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंज ठाण्यात एका आदिवासी मुलीवर ठाण्याच्या आवारातच बलात्कार झाला. कायद्याच्या पुस्तकांत तिला मथुरा म्हणतात. नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी धरले, सर्वोच्च न्यायालयाने सोडले. कारण काय, तर अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही. गप्प होती, म्हणजे संमती होती. तेव्हा कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, सप्टेंबर १९७९ मध्ये. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर. रात्रीच्या वेळी पोलीस ठाण्यात, खाकीसमोर उभ्या असलेल्या गरीब मुलीच्या गप्प राहण्याचा अर्थ न्यायालयाने काय लावला, हाच त्यांचा सवाल होता. देशभर बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला: कोठडीत संबंध झाला हे सिद्ध झाले आणि बाईने संमती नव्हती म्हटले, तर न्यायालयाने तसेच धरून चालायचे. उलटे सिद्ध करायचे ओझे वर्दीवाल्यावर.

लगेच दोन वर्षांनी, १९८५ मध्ये, विधी आयोगाने आपल्या ११३ व्या अहवालात हेच तत्त्व मारहाणीला लावायला सांगितले. कोठडीत असताना माणसाला जखम झाली, तर ती पोलिसांनी केली असे न्यायालयाने गृहीत धरू शकावे. २०१७ च्या २७३ व्या अहवालात आयोगाने पुन्हा तेच लिहिले, छळप्रतिबंधक विधेयकाचा मसुदाही जोडला. भारताने छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर १९९७ मध्ये सही केली, पण त्याला मान्यता दिली नाही. २०१० मध्ये लोकसभेने एक विधेयक मंजूर केले, ते राज्यसभेत विरले. दिल्लीची वाट बघायची तर माझी वकिली संपेल. पण पुरावा आणि फौजदारी कायदा हे विषय समवर्ती सूचीत आहेत, म्हणजे त्यांवर केंद्राबरोबर राज्यालाही कायदा करता येतो. महिलांवरच्या अत्याचारांविरुद्धच्या शक्ती विधेयकाच्या वेळी याच विधिमंडळाने केंद्राच्या कायद्यांत महाराष्ट्रापुरत्या दुरुस्त्या लिहिल्या होत्या. राष्ट्रपतींची संमती आली नाही ती गोष्ट वेगळी, लिहायची वाट तर ठाऊक आहे. आपल्याकडे बहुमत आहे, गृहखाते आहे, कायद्याची पदवी आहे. ओझे फिरवणारी ती दुरुस्ती मांडा. कोठडीची किल्ली ज्याच्या कमरेला, आत काय घडले ते त्याने सांगावे. चित्रण गायब असेल तर ते त्याच्याविरुद्ध धरले जावे.

तोवर जे विधिमंडळाशिवाय होण्यासारखे आहे ते करा. रिमांडच्या वेळी आणि डॉक्टरांच्या खोलीत पोलिसांनी दाराबाहेर थांबावे, एवढ्या एका ओळीचे परिपत्रक महासंचालकांच्या सहीने निघू शकते. आरोपी पळेल म्हणत असाल तर आमच्या न्यायालयाच्या खिडक्यांना गज आहेत. डॉक्टरांच्या दाखल्याची प्रत अटक झालेल्याला द्यायचीच असते, ती खरोखर दिली जाते का हे कोणाला तरी तपासायला लावा. आणि डी. के. बसू खटल्यातले १९९६ चे निर्देश, अटकेचा पंचनामा, नातेवाइकाला कळवणे, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी, हे फलकावर आहेतच. पंचनाम्यावर अटकेची खरी वेळ लिहिली जाते का, तेवढे बघा. माझ्या आरोपींना जीपमध्ये बसवतात सोमवारी संध्याकाळी आणि कागदावर अटक होते मंगळवारी सकाळी. सोमवारची रात्र कुठल्याच कागदावर नसते.

शेवटची विनंती जरा आगाऊ आहे. कधी मराठवाड्याच्या दौऱ्यावर आलात तर ताफा, हार आणि पोलीस अधीक्षक बाजूला ठेवून कुठल्याही तालुक्याच्या न्यायालयात रिमांडच्या वेळी मागच्या बाकावर अर्धा तास बसा. कोणाला सांगू नका. न्यायाधीश तो प्रश्न विचारतील तेव्हा आरोपीच्या तोंडाकडे पाहू नका, ते सगळेच पाहतात. तो बोलण्याआधी मान किंचित वळवून कोणाकडे बघतो, ते पाहा.

आपला,
एक रिमांड वकील